हिरालालची पक्की नाडी

सेलूच्या बाजारात हिरालालचं धान्याचं दुकान होतं आणि त्याला स्वतःच्या नाडीचा भारी गर्व होता. कोणाला पोराचा असतो, कोणाला बैलजोडीचा, याला नाडीचा. तूर मोजता मोजता तो गिऱ्हाइकाची बोटं ओढून आपल्या मनगटावर ठेवायचा. "पाय बापा, बहात्तर. कालबी बहात्तर." गिऱ्हाईक बिचारं तुरीसाठी आलेलं, पण मान डोलवायचं. बायकोची नाडी पाहिली की मात्र त्याचं तोंड वाकडं. "तुही नाडी तुह्यासारखीच, धड एका चालीनं चालत नाई." शोभाबाईला हे तीस वर्षांत पाठ झालं होतं.

२००३ साली वर्ध्याहून डॉक्टर लोक शिबिर घेऊन आले. शाळेच्या व्हरांड्यात बोटाला चिमटा लावून पाच मिनिटं ठोके टिपत होते. नवरा-बायको दोघंही बसले. कागद पाहून डॉक्टरीण म्हणाली, "काका, तुमच्या ठोक्यांत चढ-उतार जवळजवळ नाहीच. काकूंच्यात चांगला आहे. आठ दिवसांनी मोठ्या तपासणीला या, टाळू नका."

आता धान्याच्या व्यापाऱ्याला 'चढ-उतार नाही' म्हणजे काय वाटणार? सोनंच! आणि बायकोच्यात 'चांगला' आहे म्हणजे चढ-उतार चांगलाच आहे, भरपूर; तेव्हा दुखणं तिचं आणि बोलावणंही तिलाच. हिरालालने बाजारात पेढे वाटले. घरी मात्र मोसंबी आणली, शोभाबाईच्या हातून पाण्याची बादली काढून घेतली. तीस वर्षांत हे सुख नव्हतं, ते मिळालं मरणाच्या बोलीवर! ती घाबरली होती, आणि खोटं कशाला बोला, तिला बरंही वाटत होतं.

आठव्या दिवशी त्याने तिला शेजारच्या कांतासोबत वर्ध्याच्या एसटीत बसवून दिलं. डॉक्टरीण चक्रावली. "काकू, तुम्ही कशाला आलात? निरोगी माणसाचे ठोके थोडे मागेपुढे पडतातच. फार एकसारखे पडले तर जिवाला धोका जास्त दिसतो. काकांना उद्याच आणा."

शोभाबाई धापा टाकत दुकानात आली आणि सगळं सांगितलं. हिरालाल गिऱ्हाइकांसमोर हसला. "म्हंजे माहा चांगला माल खराब, अन् तुहा खराब माल चांगला? तुले काय समजते? उलटं आयकून आली."

"पाया पडतो तुमच्या, एक डाव चला." शोभाबाईने हात जोडले.

"सीजन हाय. दुकान कोण पाह्यन?"

तिसऱ्या आठवड्यात काट्यासमोर बसल्या बसल्या तो गेला. बसायला आलेले लोक हळहळले, माणूस किती टणक होता म्हणाले.

तेराव्यानंतर शोभाबाई कांताजवळ मोकळी झाली. "रडून राह्यली ते अलग, पण राग येते माय. तेच डॉक्टरणीनं तोंडावर सांगतलं असतं, तं हे तपासाले गेले असते. माह्या तोंडून निंगालं, म्हून खोटं वाटलं."