घरी काही नसलेल्यांची ड्युटी

दर्शना घाडीला किळस म्हणून कशाची येत नसे. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात निम्मं आयुष्य काढलेली बाई ती. मधुमेहाने सडलेला पाय असो, पुवाने भरलेली जखम असो, कुणी वेळेवर न बदललेलं अंथरूण असो, ही तोंड वाकडं न करता कामाला लागायची आणि वर पेशंटलाच धीर द्यायची. नवीन पोरी ड्रेसिंग आटपून आल्या की डबा उघडायला धजायच्या नाहीत. दर्शना साबणाने हात धुऊन निवांत जवळ्याची चटणी आणि भाकरी खायची.

पण महिन्यातून एकदा असा दिवस यायचा की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. तो ड्युट्या लावण्याचा दिवस.

परळच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डाच्या ड्युट्या इन्चार्ज सिस्टर लावतात. कोण सकाळी, कोण दुपारी, कोण नाईटला, कुणाला कधी ऑफ, हे एका लांबरुंद कागदावर आधी पेन्सिलीने मांडायचं आणि मेट्रनच्या ऑफिसात सहीला पाठवण्याआधी पेनाने पक्कं करायचं. या वॉर्डाच्या इन्चार्ज म्हापणकर सिस्टर. ठसठशीत कुंकू, ठसठशीत मंगळसूत्र आणि बोलणं असं गोड की शुगरच्या पेशंटने ऐकू नये. पेन्सिल आणि पेन यांच्या मधल्या दिवसांत वॉर्डात जे चालायचं, त्यापुढे बेडपॅन स्वच्छ म्हणायचं. एरवी सिस्टरांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या बायका तेव्हा त्यांच्यासाठी घरून सोलकढी आणायच्या, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या आणि मग हळूच आपलं घोडं पुढे दामटायच्या. कागदाच्या कडेला शेऱ्याचा रकाना होता. त्यात कारणं पडायची. मुलाची परीक्षा. गावचा गणपती. सासूबाईंचं ऑपरेशन. एकीच्या सासूचा मोतीबिंदू इतक्यांदा काढून झाला होता की म्हातारीला डोळे तरी किती, असं कुणालाही वाटावं. सिस्टर सगळं लिहून घ्यायच्या.

ज्यांना असं कारण नाही, त्यांच्या वाट्याला सणाचे दिवस. आणि कारण कुणाला असावं, कुणाला नसावं, हेही सिस्टरच ठरवायच्या. वॉर्डातल्या संघमित्राला त्या दर वर्षी विचारायच्या, तुमच्यात गणपती बसत नाही ना गं, आणि उत्तराची वाट न बघता तिचं नाव टाकून मोकळ्या व्हायच्या. तिने सहा डिसेंबरची सुट्टी मागितली की मात्र सांगायच्या, त्या दिवशी दादर जाम असतं, बाकीचा स्टाफ पोचत नाही, तू जवळची, तूच हवीस. कुणाच्या गावाहून मयताची बातमी आली तर सिस्टर आधी हळहळायच्या आणि मग हलकेच विचारायच्या, सुतक किती दिवस धरता तुमच्यात? घरात सुतक म्हणजे गणपती नाही, आणि गणपती नाही म्हणजे सुट्टी कशाला. मेलेल्या माणसाचे दिवस घालून व्हायच्या आत त्याच्या नावावर ड्युटी लागलेली असायची. शी! असं दर्शना मनात म्हणायची आणि मूग गिळून बसायची, कारण तिची स्वतःची जागा त्या कागदावर केव्हाच ठरून गेली होती.

तिचा नवरा बेस्टमध्ये कंडक्टर होता. तो गेला त्या वर्षी गौरीच्या दिवसाची ड्युटी तिने आपणहून मागून घेतली होती. लालबागला थोरल्या जावेच्या खोलीत गौर यायची, चाळीतल्या बायका नटूनथटून जमायच्या, आणि तिला तिथे बसवत नव्हतं. गोष्ट त्या एका वर्षाची होती. म्हापणकर सिस्टरांनी ती कायमची करून टाकली. पुढच्या भाद्रपदात त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मग वटपौर्णिमा तिच्या गळ्यात आली, संक्रांत आली, पाठोपाठ भाऊबीजही आली, आणि भाऊ तर तिचा धडधाकट होता. तिने एकदा धीर करून विषय काढला तेव्हा सिस्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. "तुला तसं काही नसतं ना घरी?"

वाक्य इतकं मऊ की त्यावर बोलणारीच उद्धट ठरावी. घरी काही नसतं म्हणजे काय? मुलगा होता. त्याचे ताप, त्याची दहावी, त्याचं रुसणं, सगळं होतं. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली सोडून भाड्याच्या घरात जाताना सामानाचे बोजे बांधायचे होते, ते तिने नाईट करून आल्यावर सकाळी बांधले. पण कपाळावर कुंकू नाही म्हणजे घरात चूलही पेटत नसावी, असा वॉर्डातल्या समस्त सवाष्णींचा समज होता, आणि तो त्यांच्या सोयीचा होता.

यंदा मात्र तिला ती सुट्टी हवीच होती. मुलाचं, हितेंद्रचं, वैशाखात लग्न झालं आणि घरात मनवा आली. नव्या सुनेचा पहिला ओवसा यंदाच्या गौरीला. सुपात फळं, भाज्यांची पानं, नारळ भरून ती सुपं गौरीसमोर ओवाळायची आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात द्यायची. पहिलं सूप सासूचं. थोरली जाऊ, रखमावहिनी, एरवी रीतिभातीला मोठी कडक बाई, पण तिने आपण होऊन सांगितलं की पहिलं सूप दर्शनाच घेणार, कोणाला काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला. मनवा तर दिवस मोजत होती. दर्शनाने गौरीच्या सुपासाठी सुट्टी मागायचं ठरवलं आणि आषाढातच सिस्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि कळवळून म्हणाल्या की अगं, ओवसा सवाष्णींचा, तू सूप थोडीच हातात घेणार, उगाच बाजूला उभी राहशील आणि तुलाच वाईट वाटेल. बघते, म्हणाल्या. दर्शनाला शिसारी आली ती त्या कळवळ्याची. बाई मनापासून तिची काळजी करत होती.

श्रावण संपता संपता कागद निघाला. दुपारची पाळी आली होती, सकाळची निघायची होती, ड्युटीरूममध्ये चहा चालला होता. सिस्टरांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "घाडी, पेढे आण. गौरीला तुला ऑफ दिलाय."

दर्शनाला लहान पोरीसारखा आनंद झाला. सणाच्या सकाळपाळीला दोघी लागतात आणि त्या दोघी म्हणजे संघमित्रा आणि आपण, हे तिला पाठ होतं, म्हणून सहज तोंडातून निघालं की मग माझ्या जागी कोण?

"स्पृहा आहे ना," सिस्टर म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, अगदी तशाच मऊपणे, "तिला आता तसं काही नसतं ना घरी."

स्पृहा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. गेल्या माघात लग्न झालेली पोर. आषाढात तिचा नवरा बाईकवरून पडून गेला होता आणि ती नुकतीच कामावर परतली होती. आवाज खाली आणला म्हणून त्या एवढ्याशा खोलीत ऐकू यायचं थोडंच राहतं. तिने मान वर केली नाही. बाकीच्या बिस्किटं बुडवत राहिल्या. दर्शनाच्या आत्ता लक्षात आलं. आपल्याला सुट्टी मिळाली नव्हती, आपली जागा भरली गेली होती. कुणाचा तरी नवरा मरायची वाट बघत ही बाई पेन्सिल धरून बसली होती जणू.

ती कप ठेवून उठली आणि टेबलापाशी गेली. शेऱ्याच्या रकान्यावर तिने बोट ठेवलं. स्पृहाच्या नावापुढे तो कोरा होता. वर्षानुवर्षं तिच्या स्वतःच्या नावापुढेही तो कोराच असायचा.

"सिस्टर, सगळ्यांची कारणं लिहिता. हिचंही लिहा. नवरा मेला म्हणून ड्युटी. लिहा आणि पाठवा मेट्रनकडे."

सिस्टरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. असं कुठे लिहितात का, एवढंच त्या म्हणाल्या. दर्शनाने विचारलं की जे लिहिता येत नाही ते लावता तरी कसं येतं? सिस्टरांनी रबर काढलं आणि स्पृहाचं नाव खोडून टाकलं. मग कागद सगळ्यांकडे वळवून म्हणाल्या की ठीक आहे, तुम्हीच सांगा, कोण करतंय गौरीच्या दिवशी?

अमकी भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागली, तमकीला अचानक सलाईन बदलायची आठवली. मोतीबिंदूवाल्या सुनेने रिकाम्या कपातला चहा प्यायला घेतला. या साळकाया माळकाया आतापर्यंत स्पृहासाठी चुकचुकत होत्या, तिला घरचे लाडू भरवत होत्या, आणि आता एकीलाही आपलं नाव पुढे करवेना. स्वतः सिस्टरही नाव घालीनात, त्यांच्या घरी गौर होती. दर्शनाला वाटलं, या सगळ्यांना गरम पाण्याने धुऊन काढावं.

तेव्हा कोपऱ्यातून स्पृहा म्हणाली, "मी करते. मीच मागते आहे असं समजा."

सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पेन्सिल घेतलीच नाही, सरळ पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: स्वतःच्या विनंतीवरून. कागद आता कुठल्याही ऑफिसात जायला मोकळा होता.

दर्शनाने स्पृहाला चादरींच्या कपाटापाशी गाठलं आणि विचारलं की का म्हणालीस असं? स्पृहा चादरींच्या घड्या सारख्या करत राहिली. म्हणाली, "ताई, माझाही पहिला ओवसा होता यंदा. सुपं आणून ठेवली होती सासूबाईंनी. आता म्हणतात, त्या दिवशी समोर येऊ नकोस. घरी बसून मी काय करू?"

इथे दर्शनाला एक गोष्ट सांगता आली असती. पोरी, मागून घेऊ नकोस, मी एकदा मागितली आणि ती मला आजवर सुटली नाही. वाक्य अगदी ओठांवर होतं. पण ते सांगितलं असतं तर स्पृहा कदाचित आत जाऊन नाही म्हणाली असती, नाव खोडलं गेलं असतं, आणि कागदावरचं ते रिकामं घर कुणाच्या नावाने भरलं असतं ते दर्शनाला पक्कं ठाऊक होतं. ती स्पृहाच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. तो हात म्हापणकर सिस्टरांसारखाच पडला हे तिला कळलं आणि तिने तो काढून घेतला.

गौरीच्या दिवशी लालबागला पाऊल ठेवायला जागा नव्हती. चाळीत मात्र घरचा आनंद होता. मनवा हिरव्या साडीत नुसती उजळली होती. तिने सुपं ओवाळली, पहिलं उचललं आणि दर्शनाच्या हातात देऊन वाकून नमस्कार केला. कुणी नाक मुरडलं नाही. दर्शनाने सुपात पैसे घातले, सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तिचे डोळे भरून आले. ज्यासाठी एवढं केलं ते सगळं मनासारखं झालं होतं.

रखमावहिनी तिच्या ताटात घारगा वाढत शेजारी टेकली. "बरा झाला गो, यंदा सुट्टी गावली तुका. मगे आज वार्डात कोण आसा?"

दर्शनाने घारग्याचा तुकडा मोडला आणि आलेल्या बायकांकडे बघत सहज उत्तर दिलं.

"आहे एक नवीन मुलगी. तिला तसं काही नसतं घरी."

मग तो घास तिच्या घशाखाली उतरेना.