खऱ्या चारमिनारपुढं साखराबाई

धावडा गावच्या साखराबाईचा उभ्या जन्मात एकच फोटो निघाला होता, आणि तोही कापला गेला.

तिचा नवरा त्रिंबक मिरचीच्या ट्रकवर हमाल होता. पोत्यांवर बसून पार हैदराबादच्या बाजारापर्यंत जायचा आणि परत आला की चार दिवस चारमिनारच्या गोष्टी सांगायचा. "तुला नेतो एक डाव," म्हणायचा. नेणं काही झालं नाही. पण भोकरदनला तातेराव फोटोग्राफरच्या स्टुडिओत चारमिनार रंगवलेला पडदा होता. एका बाजाराच्या दिवशी दोघं त्या पडद्यापुढं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. तोच तो फोटो.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्रिंबक काविळीनं गेला. दहाव्याला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून धाकटा दीर रायभान तो फोटो तातेरावकडं घेऊन गेला, आणि मोठा करून, काचेच्या चौकटीत घालून घेऊन आला. साखराबाईनं पाहिलं, तर फोटोत त्रिंबक होता. मागचा कापडाचा चारमिनार चारही मिनारांसकट शाबूत होता. ती उभी होती त्या जागी एक फुलदाणी होती. तातेरावचा हात मोठा सफाईचा, ब्रशानं एकेक पाकळी काढली होती. पडद्यावरची सावली पुसायची तेवढी राहून गेली होती, म्हणून त्या एवढ्याशा फुलदाणीची सावली बाईएवढी लांब पडली होती.

"मी कुठं गेले ह्यातून?" साखराबाईनं विचारलं.

"वैनी, भिंतीला मोठा फोटू मेलेल्याचा लावतेत," रायभान म्हणाला. "जित्या माणसाचा लावला म्हंजी अपशकुन. तुमाला काय मारायचं हाये का आमाला?"

त्याची बायको गिरिजाबाई चुलीपासून बोलली, "अन् पांढऱ्या कपाळाची बाई रोज उठून नजरंला कशाला पाहिजे?"

साखराबाई भांडणार कोणाच्या जोरावर? पोटी लेकरू नाही, माहेरी भाऊ नाही. पण त्या दिवसापासून तिनं एक गोष्ट मनात धरली, आणि शेळी जशी खाल्लेलं पुन्हा पुन्हा चघळते तशी ती आठ वर्षं चघळली.

अठरा एकर जमीन दोघा भावांची होती. त्रिंबकच्या जागी त्याच्या बायकोचं नाव लागायला पाहिजे होतं. दर उन्हाळ्यात साखराबाई विचारायची, आणि दर उन्हाळ्यात रायभान म्हणायचा, "कागद व्हतील ना वैनी. जल्दी काय हाये? तुमी काय परक्या हात का?" ती त्याच्याच रानात निंदणी-खुरपणी करायची, त्याच्याच ओसरीला झोपायची. तिच्या हक्काच्या म्हणाव्यात अशा फक्त तिनं पाळलेल्या शेळ्या होत्या.

एक्क्याण्णव साली दिवाळीनंतर तिनं त्यातल्या पाच शेळ्या भोकरदनच्या बाजारात विकल्या, तिथून तडक तातेरावच्या स्टुडिओत गेली आणि बाकड्यावर बसली.

"तातेराव, वळखलं का?"

"न्हाई बा, मावशी."

"कसं वळखशील? मला फुलदाणी केली ना तू."

तातेरावनं हातातली कात्री खाली ठेवली. आतून त्याची बायको कौसल्या डोकावली.

"तुह्या क्यामेऱ्यात एक रोल भर," साखराबाई म्हणाली. "किती निघतेत त्यात?"

"छत्तीस."

"छत्तीसच्या छत्तीस महे काढायचे. हैदराबादला. दुसरं कोनी नको, दुसरं काई नको. खऱ्या चारमिनारपुढं उभी ऱ्हाते. तिथून मला कोन कापतंय तेच पाह्यचं हाये. खर्चा सगळा महा."

"मावशी, इथंच पडद्यापुढं काढू की. नवा ताजमहाल आणलाय."

"तुह्या पडद्यावर मी एकदा उभी राह्यले व्हते." तिनं कौसल्येकडं पाहिलं. "ह्याला एकट्याला न्यायची न्हाई मी. तू बी चल बाई. गावाला बोलायला जागा नको."

कौसल्येनं कधी जालना ओलांडलं नव्हतं. तिनं नवऱ्याला तोंड उघडू दिलं नाही. "येतो म्हणा ना. निसतं बघून काय राह्यले?"

साखराबाईनं घरी सांगितलं, मावसबहिणीकडं जाते. जालन्याहून तिघं रेल्वेत बसली आणि हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनावर उतरली. स्टेशनाबाहेर ऑटोवाल्यांचा गराडा पडला. त्यातला खाजाभाई नावाचा एक दाढीवाला पुढं झाला. "कहाँ जाना, अम्मा? दर्गा? मंदिर? दवाखाना?"

"फोटू," साखराबाई म्हणाली. "दोन दिन फकस्त फोटू. जिधर चांगला फोटू आता, उधर लेके चल."

खाजाभाईनं तिच्या लुगड्याकडं, तातेरावच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. "हौ. बराबर. फोटू की जगा सब मालूम मेरे कू."

आणि त्याला खरंच माहीत होतं. चारमिनारला त्यानं सकाळी लवकर नेलं, गाड्याबिड्या वाढायच्या आत, आणि कोणत्या रस्त्याच्या मध्यात उभं राहिलं तर चारही मिनार येतात ते दाखवलं. साखराबाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. कॅमेऱ्याकडं तिनं असं पाहिलं, जणू जाव गिरिजाबाईच तिथं उकिडवी बसली होती.

"हसा की मावशी जरा," तातेराव म्हणाला.

"हसायला आले का मी?"

"अम्मा नई हँसते क्या?" खाजाभाईनं विचारलं.

"दुश्मन को दाखवायचा है."

"तो फिर ऐसाइच देखो," खाजाभाई म्हणाला. "एकदम बराबर है."

तातेरावनं बटण दाबलं. "झाला."

"आनखी काढ. उजेड आला न्हाई तोंडावर."

"आला मावशी."

"त्या डावाला बी आल्ता. तू पुसला."

सहा फोटो तिनं तिथंच काढून घेतले. बांगड्यांच्या बाजारात दुकानदार हाका मारत होते, कौसल्येचे पाय तिकडं ओढ घेत होते. साखराबाईनं तिला पसंतीच्या बांगड्या घेऊन दिल्या, पण फोटोत नाही येऊ दिलं. "तू बाजूला व्हय. मह्या शेजारी कोनी नको." सालारजंगच्या दारात, बिर्ला मंदिराच्या पांढऱ्या पायऱ्यांवर, तळ्याच्या बांधावर, एका मोठ्या हॉटेलच्या कुंडीजवळ, जिथं वॉचमननं हाकललं तिथंही, ती उभी राहिली आणि तातेराव गुडघ्यावर बसला. दोन तास उन्हात बसून तातेराव म्हणाला, "मावशी, पोटात काई टाकू." ती म्हणाली, "मी आठ साल टाकलं न्हाई, तू एक दुपार थांब."

दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा. किल्ला चढताना तातेरावचा दम निघाला. सगळ्यात वरच्या सज्ज्यावर तो कॅमेरा मांडीवर घेऊन बसून राहिला. खाली सगळं हैदराबाद धुरकट दिसत होतं.

"मावशी, एक सांगू का?" तो म्हणाला. "रायभाननं म्हणलं अन् मी लगेच कापलं, असं न्हाई. मी म्हणलो, बाई जिती हाये, राहू द्या जोडीचा फोटू. तर म्हणला, आज फोटूतून काढ. चार साल लोकायनं भिंतीवर एकलाच त्रिंबक पाह्यला, की सातबाऱ्यावर बी त्याची बायको कोनी शोधायचं न्हाई."

कौसल्येनं कपाळावर हात मारला. "अन् हे तुमी आठ साल पोटात ठिवलं?"

"मला कोनी इचारलंच न्हाई."

आतापर्यंत साखराबाईला वाटत होतं, जावेनं अपशकुनाच्या भीतीनं हे करवलं. जावेवर तिचा राग होता, पण तो बायकांचा राग, पाण्याच्या घागरीवरून होतो तसा. आता तो सरळ रायभानवर जाऊन बसला.

"किती राह्यले रोलमधी?" तिनं विचारलं.

"चार."

"काढ मंग. उठ."

महिन्याभरानं फोटो धुऊन आले. रंगीत. चारमिनारचा एक तिनं त्रिंबकच्या फोटोएवढा मोठा करून घेतला, तशीच चौकट, तशीच काच. बाकीचे अल्बममध्ये घालून तिनं घरोघर दाखवले. बायांनी तोंडात बोटं घातली. मोठा फोटो तिनं स्वतः खिळा ठोकून ओसरीच्या भिंतीवर, त्रिंबकच्या शेजारी लावला.

गिरिजाबाईनं आकांत केला. "जित्या माणसाचा फोटू! घरावर मढं बलावलं ह्या बाईनं!"

रायभान उठला, खिळ्यापर्यंत हात नेला, आणि थांबला. मग परत बाजेवर जाऊन बसला. "राहू दे," बायकोला म्हणाला. "लावला ना त्यायनं? राहू दे." साखराबाईला ते नवल वाटलं. भांडणाची तिनं पुरती तयारी करून ठेवली होती.

त्याचं कारण तिला फाल्गुनात कळलं.

रायभानची थोरली लेक शिवकन्या लग्नाची झाली होती. तीर्थपुरीकडचं स्थळ आलं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचे लोक, इकडं त्यांची ओळखपाळख कोणाशी नाही. पाहुणे यायच्या दिवशी रायभाननं साखराबाईला सकाळीच शेळ्यांच्या औषधासाठी भोकरदनला पाठवलं, आणि "शिवकन्याला साडी बी बघा, निवांत या" म्हणाला. त्याच्या तोंडून 'निवांत' हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला. पहिल्या फाट्यावर ती जीपमधून उतरली आणि माघारी चालत आली.

मागच्या दारानं आत शिरली. ओसरीवर पाहुणे बसलेले. तिनं दाराच्या फटीतून पाहिलं. त्रिंबकच्या फोटोला झेंडूचा हार होता. तिच्या फोटोलाही झेंडूचा हार होता. खाली दोन उदबत्त्या.

नवरदेवाचा चुलता, पिकल्या मिशांचा माणूस, भिंतीकडं पाहत विचारत होता, "हे तुमचे थोरले भाऊ ना? अन् ह्या भावजय?"

"हाव."

"दोघं बी गेले म्हणा. लेकरू?"

"न्हाई."

"मंग अठरा एकर सगळं तुमचंच."

रायभान खोटं बोलला नाही. त्यानं नुसती मान खाली घातली आणि पंच्यानं डोळे पुसले.

मागं चुलीपाशी गिरिजाबाईनं साखराबाईला पाहिलं आणि तिच्या हातातलं उलथणं गळालं. ती धावत येऊन पाया पडली. "बाई, तुमच्या पायाशी हाये मी. पोरीकडं बघा. एक घंटा. एक घंटा फकस्त मागं बसा."

शिवकन्या नवी साडी नेसून दाराआड उभी होती. तिला लहानपणी साखराबाईनंच न्हाऊ घातलं होतं. पोरगी नुसती पाहत राहिली.

साखराबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग रांजणातून तांब्या भरला, पदर नीट केला आणि ओसरीवर गेली. पाहुण्यांपुढं पाणी ठेवलं, आणि बरोबर आपल्या फोटोखाली जाऊन उभी राहिली. कॅमेऱ्यापुढं राहिली होती तशीच.

पिकल्या मिशांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. एका पोरसवदा पाहुण्याच्या हातातलं पोह्यांचं ताट कलंडलं.

"घ्या ना पाणी," साखराबाई म्हणाली. "मीच ती. भावजय. दिवाळीमागून हैदराबाद फिरून आले, लई मोठं शहर हाये. तुमाला सगळे फोटू दाखवते. अन् अठरातले नऊ एकर महे हात, ते बी पाहून घ्या."

"वैनी!" रायभान उठला.

"बस, रायभान. मेल्या बाईवर वरडू नको."

पाहुणे पाणी न पिता उठले. पिकल्या मिशांनी अंगणात चपला घालताना रायभानला एवढंच म्हटलं, "जमीन कमी असती तरी आमी पोरगी केली असती. जित्या भावजयीला हार घालणाऱ्याच्या घरात सोयरीक नको."

घरात त्या दुपारी चूल विझली ती पेटली नाही. संध्याकाळी शिवकन्या शेळ्यांपाशी आली. साडी बदललेली, डोळे सुजलेले.

"मोठी माय, तुमाला मह्या बापाला मारायचं व्हतं. मला काऊन मारलं?"

"तुहा बाप तुह्याआड दडला व्हता," साखराबाई म्हणाली. "त्याला मी काय करू?"

ही गोष्ट दोन दिवसांत आसपासच्या चार गावांत गेली. रायभानला हॉटेलात बसणं अवघड झालं; चहा यायच्या आधी कोणी ना कोणी विचारायचं, "काय रायभान, वैनी कशा हात? गेल्यापासून तब्येत बरी हाये ना?" शिवकन्येला दुसरं स्थळ आणायचं तर आधी हे मिटवणं भाग होतं. आठ वर्षं ज्याला जल्दी नव्हती, तो पंधरा दिवसांत चावडीवर हजर झाला.

तलाठ्यानं फेरफाराचं रजिस्टर उघडलं. पारावर बसलेली माणसं आपोआप जवळ सरकली. "मयत त्रिंबकच्या मागं वारस कोण?"

"त्यायची बायको," रायभान पुटपुटला.

"नाव?"

"साखराबाई."

"मोठ्यानं बोल," साखराबाई म्हणाली. "माघं उभे हात त्यायला ऐकू आलं न्हाई."

"साखराबाई," रायभान ओरडला.

"जिती हाये का मेली?"

"वैनी, बस करा आता."

"साहेबाला सांग ना. तेवढं लिहावं लागतंय त्यायला."

"जिती हाये," तो म्हणाला.

तलाठ्यानं ते कुठंच लिहून घेतलं नाही, तशी रीतही नव्हती. साखराबाईनं अंगठा उठवला, लुगड्याच्या काठाला शाई पुसली आणि घरी आली. पूर्वी ती घरी आली की शिवकन्या तिच्या पायावर पाणी घालायची. आज पोरगी तिला पाहून आत गेली. साखराबाईनं स्वतःच रांजणातून पाणी घेतलं, पाय धुतले, ओसरीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून आपली वेगळी चूल पेटवली आणि तीन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या. इतकी ती कित्येक वर्षांत जेवली नव्हती.