पुढच्याच्या पावलावर

"तू पुढे हो," हे आमच्या शेजारच्या हवालदारकाकांचं पालुपद. बडोद्याच्या दांडिया बाजारात भाजीला निघालो तरी मला पुढे घालायचे आणि माझं पाऊल पडलं तिथेच आपलं ठेवायचे. मागून स्कूटरवाले बोंबलत, "काका, चालो ने!"

"सुरुंग असला तर आधी मीच उडायचो की!" मी म्हणायचो.

"छे रे! तू सिव्हिलियन. तुझ्यासाठी कोण सुरुंग वाया घालवतंय?"

काका शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. तिथल्या वाटांत सुरुंग पेरलेले. पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालायचं. एके दिवशी पुढचा सोबतीच उडाला. काका वाचले. मग सरकारनं सगळ्यांनाच परत बोलावलं. काका बडोद्याला आले, पण ती चाल काही सुटली नाही. घरोघरी केबल आली होती. काकांचं युद्ध कुठल्याच चॅनेलवर नव्हतं.

पंधरा ऑगस्टला आमचं मंडळ माजी सैनिकांना शाल द्यायचं. काकांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत, वडील लष्करात. त्या घरात शालीची किंमत काय, ते तुम्हाला सांगायला नको. काका दरवर्षी कोटाला इस्त्री करून, पदकं लावून खुर्चीवर बसायचे. नाव पुकारलं जायचं नाही.

एकदा मी मंडळाच्या प्रमुखांना विचारलंच. ते काकांसमोर हसून म्हणाले, "अहो, ते कुठं युद्ध होतं? शांतिसेना ती! शांततेत गेले, शांततेत आले."

माझं टाळकंच सटकलं. शांततेत? मग तो पुढचा गडी काय ठेच लागून मेला? ज्यांनी धाडलं ते विसरले, आणि हे गल्लीतले शहाणे आता युद्ध कशाला म्हणायचं ते ठरवणार! मी अंगावर धावून गेलो, तर काकांनी दंड धरला.

"राहू दे. पाठवलं, गेलो. बोलावलं, आलो. कशासाठी, ते जाताना कळलं नाही अन् येतानाही नाही."

पुढल्या वर्षीही कोटाला इस्त्री झालीच.

मग एका सकाळी काका झोपेतच गेले. प्रमुख धावत आले. हातात शाल, बरोबर फोटोवाला. काकूंचा आवाज आम्ही कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"युद्ध नव्हतं ना, भाऊ? मग घेऊन जा ती."

प्रमुख घुटमळले, मग शालीची घडी घालत निघून गेले.

काकांच्या अंगात तो इस्त्रीचा कोट होता. आम्ही तिरडीला खांदा दिला. मी मागच्या बाजूला होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, आज तुम्ही पुढे व्हा."