खाली बघून चालणारे साडू

आमच्या साडूंनी आजवर एकही शहर मान वर करून पाहिलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे यजमान. पोलाद का गंजतं यावर संशोधन करायची त्यांची नोकरी. दर थोड्या वर्षांनी करार संपतो, की नवी संस्था, नवं शहर, नवं बिऱ्हाड. जपानातल्या नव्या गावात आल्यावर तुमच्या-आमच्यासारखा माणूस स्टेशन कुठे, दूध कुठे मिळतं, इंडियन दुकान किती लांब हे बघतो. साडू मात्र खोकी उघडायच्या आत जवळची बाग गाठतात आणि जमीन ऐकायला लागतात. त्यासाठी त्यांच्याकडे एक यंत्र आहे. मॉलच्या दारात आपल्या अंगावरून जे फिरवतात त्याचा थोरला भाऊ म्हणा: लांब दांडा, टोकाला थाळीएवढी चकती आणि कानाला हेडफोन. खाली धातू असला की ते वाजतं, मग साडू गुडघे टेकतात आणि खुरप्याने उकरतात. "अहो, शहर काय मिरवतं ते कोणीही सांगेल," ते मला एकदा म्हणाले होते, "त्याच्या खिशातून काय पडतं ते बघावं, म्हणजे खरी ओळख होते." माणसांशी ओळख करून घ्यायला त्यांनी ही पद्धत वापरली नाही, हे आमचं नशीब.

ते त्सुकुबाला होते तेव्हा आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून फुजीच्या पायथ्याशी एका तळ्याकाठी गेलो होतो. सकाळपासून डोंगर ढगात. मुलं कंटाळली, थर्मासातला चहा संपला, मी माझ्या स्वभावानुसार हॉटेलच्या पैशांवरून कुरकुर करून घेतली. आणि एकाएकी ढग बाजूला होऊन अख्खा फुजी समोर उभा राहिला. तळ्यावरचे सगळे लोक "आऽऽ" करून उठले. त्या दिवसाच्या फोटोत मागे फुजी आहे, पुढे आम्ही सगळे आहोत आणि डाव्या कोपऱ्यात साडूंची पाठ आहे. त्यांना त्या क्षणी बिअरच्या कॅनचं कडीचं झाकण सापडत होतं. हे झाकण म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी, कारण ते हुबेहूब चांदीसारखं वाजतं. लोखंड घसा खाकरतं, तांबं गोड वाजतं, ॲल्युमिनियम फसवतं, असं ते सांगतात आणि हे सगळे आवाज तोंडाने काढून दाखवतात. आमच्या ओजिमा भागातल्या घरी जेवायला आले असताना त्यांनी गंजलेल्या खिळ्याचा आवाज काढला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी, कोणाला बरं नाही का, म्हणून बेल वाजवली होती.

पण माणूस सरळ इतका, की सापडलेली एक वस्तू कधी घरात ठेवली नाही. ठेवायची इच्छा होती असंही नाही म्हणा. सापडलेलं नाक्यावरच्या पोलीस चौकीत नेऊन द्यायचं, हा जपानी रिवाज त्यांनी मनावर घेतला. उरायासुला राहायला गेल्यावर तिथल्या चौकीतल्या तरुण पोलिसाची रविवारची दुपार साडूंच्या नावावर लिहिली गेली. एक किल्ली, अर्धं कर्णफूल, येनची काळी पडलेली नाणी, छत्रीची काडी. तो बिचारा हातमोजे घालून प्रत्येक वस्तूची नोंद करायचा, वाकून आभार मानायचा. काही महिन्यांनी त्याने अतिशय नम्रपणे विचारलं, "शेजारच्या वॉर्डातही फार सुंदर बागा आहेत, आपण पाहिल्यात का?" साडू घरी आले ते खुशीतच. "किती आपुलकीने माहिती देतात हो हे लोक," ते म्हणाले. ताईने कपाळावर हात मारला. चौकीत न घेतलेले खिळे-बोल्ट घरच्या बाल्कनीत साठत. न जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी तिने ते नियमाप्रमाणे पारदर्शक पिशवीत भरून ठेवले, तर कचरा नेणाऱ्यांनी पिशवीवर चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडली. घरात एवढा गंज निघणं शक्य नाही, असं त्यांचं मत पडलं असावं.

त्यांची मुलगी जपानातच वाढलेली. बाबा यंत्र घेऊन निघाले की ती मागे बरंच अंतर ठेवून चालायची आणि ओळखीचं कोणी दिसलं की दुकानात शिरायची. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती जपानीत उत्तर देते. बाबांबद्दल विचारलं की एकच शब्द, "हाझुकाशी." म्हणजे लाज वाटते. तरी घर बदलताना सामानवाल्यांच्या हाती यंत्र द्यायला तीच नाही म्हणायची. सगळा संसार ट्रकमधून जायचा आणि यंत्र ताईच्या जुन्या साडीत गुंडाळून गाडीत साडूंच्या मांडीवर बसून.

भूकंप झाला तेव्हा ते उरायासुलाच होते. तिथल्या रस्त्यांमधून वाळूचा चिखल वर आला, गटारांची झाकणं जमिनीतून डोकं काढून उभी राहिली, पाणी बंद झालं. आमच्यातली कितीतरी कुटुंबं मिळेल त्या विमानाने भारतात गेली. पुढच्याच वर्षी साडूंचा करार संपला आणि नवी नोकरी लागली ती उत्तरेला सेंदाईला, जिथला किनारा त्सुनामीने धुऊन नेला होता. म्हणजे जिथून लोक खाली येत होते तिथे हे वर निघाले. पुण्याहून फोनांवर फोन आले. साडूंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "काम तिथे आहे."

पोचल्यावर पहिल्याच रविवारी शिरस्त्याप्रमाणे ते यंत्र घेऊन किनाऱ्यावर गेले. दुपारी मला त्यांचा फोन आला. यंत्र चालू केलं आणि ते वाजायचं थांबेना. एक पाऊल टाकलं की चमचा, दुसरं टाकलं की पातेल्याचं झाकण, मग दाराची मूठ, मग मुलांच्या सायकलची घंटी. "अहो, इथे कोणाचं काही पडलेलं नाहीये," ते म्हणाले. "इथे सगळं ओढून नेलंय. मी काय म्हणून उकरायचं?" घंटी तेवढी त्यांनी तिथे सापडलेल्या वस्तू जमवणाऱ्या माणसांकडे पोचती केली आणि यंत्र कपाटात गेलं. त्यानंतर ते कित्येक महिने बाहेर निघालं नाही. जिने इतकी वर्षं त्या यंत्राच्या नावाने बोटं मोडली, त्या ताईचाच मग माझ्या बायकोला फोन. "रविवारचे घरी बसतात गं. काल मला म्हणाले, पडद्यांचा रंग छान आहे. मला भीती वाटते."

ताई तिथे जपानी शिकायला जायची. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, सगळे त्यांना सेन्सेई म्हणत. त्यांचं घर तासाभरावरच्या एका किनाऱ्यावरच्या गावात होतं. यजमान आधीच गेलेले, भूकंपाच्या दिवशी त्या दवाखान्यासाठी सेंदाईत होत्या म्हणून वाचल्या. घर गेलं. नंतर मोडतोड उचलली, पाया सुद्धा उखडून नेला, आणि सबंध गावाचं एक सपाट रान झालं. आता वसंतात तिथे भराव पडणार होता. दोन माणसं एकावर एक उभी राहतील त्याहून उंच माती टाकून नवं गाव वसवायचं ठरलं होतं. भूतकाळ शिकवताना सेन्सेई सहज बोलून गेल्या, "भराव पडायच्या आत एकदा घरी जाऊन यावं म्हणते. दोनदा गेले. पण कुठे उभं राहायचं तेच कळत नाही." ताईने हे जेवताना सांगितलं. साडू हातातला घास तसाच ठेवून उठले आणि त्यांनी कपाट उघडलं.

त्याच सुमारास दिवाळीसाठी मी पोहे, भाजणी, रांगोळी असं ताईने सांगितलेलं सामान घेऊन सेंदाईला गेलो होतो. फराळाची स्वप्नं बघत गेलेल्या मला रविवारी सकाळी गाडीत कोंबण्यात आलं. सामान डिकीतच होतं. सेन्सेई पुढच्या सीटवर, मांडीवर हातांची घडी घालून. गावात पोचलो तर गुडघाभर गवत, रात्रीच्या पावसाने ओली झालेली वाळू, आणि लांबवर सुट्टीमुळे रांगेत उभे असलेले डंपर. साडूंनी विचारलं, "तुमच्या घरात असं काय होतं, जे आळीत आणखी कोणाकडे नव्हतं?" सेन्सेईंनी विचार केला. म्हणाल्या, "हातपंप. नळ आला तरी आमच्या ह्यांनी तो काढू दिला नाही. लोक हसायचे." साडूंच्या चेहऱ्यावर अशी कळा आली, जणू त्या गृहस्थांशी त्यांची शाळेपासून मैत्री होती.

मग ते चालू लागले. यंत्र सारखं वाजत होतं, आणि जो माणूस छत्रीच्या काडीसाठी गुडघे टेकायचा तो कशासाठीच वाकला नाही. नुसता ऐकत राहिला. मी ऑफिसचे बूट घालून चिखलातून मागे, तोंडाने कुरकुर चालूच. जेवायची वेळ टळून गेली. शेवटी एका जागी ते थबकले, मागे सरकले, पुन्हा पुढे आले. हेडफोन काढून त्यांनी सेन्सेईंच्या कानाला लावला. "हा बघा. बारीकसारीक नाही. सरळ खाली जातोय." खुरप्याने वाळू बाजूला केली तर जाड लोखंडी पाइपाचं तोंड, वरून वाकलेलं. सेन्सेई खाली बसल्या आणि त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

तिथून पुढे घर त्यांनीच सांगितलं. पंपासमोर स्वयंपाकघराचं दार, पलीकडे न्हाणीघर, मधे बसायची खोली. साडू जमिनीतले नळाचे पाइप ऐकत त्यांचं बोलणं पडताळून बघत होते. एकदा म्हणाले, "नाही, न्हाणीघर जरा इकडे असणार," आणि सेन्सेई म्हणाल्या, "बरोबर, मागून वाढवलं होतं." आखायला काही हवं होतं. साडूंनी मला डिकीतून रांगोळी आणायला पिटाळलं. ताईची सबंध दिवाळीची रांगोळी त्या ओल्या वाळूवर गेली. मी स्वतः चिमटीने भिंती ओढल्या, दारांसाठी जागा सोडली. उभं राहून बघितलं तर खरंच घर दिसत होतं. चार-पाच महिन्यांत त्याच्यावर माती पडणार होती. त्यापुढे साडूंच्या यंत्रालाच काय, कोणालाच ते सापडणार नव्हतं.

सेन्सेई वळसा घालून समोरच्या दारापाशी गेल्या. रेघेच्या अलीकडे थांबल्या, बूट काढले, वाकून त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून नीट जोडून ठेवले आणि मोज्यांच्या पायांनी आत गेल्या. आत जाऊन त्या आमच्याकडे वळल्या. "या ना, बाहेर का उभे?" साडूंनी लगबगीने गमबूट उपसले. त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो दुसऱ्या पायाखाली लपवत ते दारातून आत शिरले. रांगोळी ओलांडून नव्हे, दारातून. मीही त्यांच्या मागून गेलो. सेन्सेईंनी बसायची जागा दाखवली. आम्ही दोघं गार, ओल्या वाळूवर मांडी घालून बसलो. "चहा ठेवते," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. समुद्राचा आवाज येत होता. त्यांचे खांदे हलत होते. साडू समोर बघत बसून होते, पाहुणा बसतो तसे. मग मागे न वळता सेन्सेईंनी आतून विचारलं, "तुमच्याकडे चहात साखर घेतात ना?"

आणि मधल्या भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून साडूंनी आवाज चढवून सांगितलं, "हो, दोन चमचे!"