पुठ्ठ्यामागचे सहा आवाज

शाळेत त्यांना सगळे ‘मशीनवाल्या बाई’ म्हणत. जिन्याखालच्या अडगळीला खोली म्हणायचं ठरवून शाळेने ती त्यांना दिली, आणि बाईंनी तिथे बावीस वर्षं काढली. रोज पहिल्या घंटेआधी कमी ऐकू येणारी मुलं तिथे येत. बाई त्यांच्या कानातलं मशीन काढून मळ पुसत, बॅटरी बघत. मग तोंडापुढे पुठ्ठा धरून सहा आवाज काढत: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की मुलाने एक मणी डबीत टाकायचा. पुठ्ठा अशासाठी, की ही पोरं ओठ वाचण्यात भलती पटाईत.

सगळ्यांत पटाईत चिमणी, वय वर्षं नऊ. तिच्या डबीत कधी तीनच्या वर मणी पडले नाहीत. पण समोर बसून बोला, पोरगी घडाघडा उत्तरं देणार. चार वर्षं बाईंनीच ते घोटून घेतलं होतं. वर्गातला प्रत्येक धडा रोज दोन तास शेजारी बसवून पुन्हा सांगायचा, तेव्हा कुठे ती पास होई.

हे दोन तास ठेवायचे की नाही, ते ठरवायला यंदा तपासणीचे साहेब आले. माणूस भला. मिशी नाही, ओठ जाड, बोलणं सावकाश. नेमका असाच यायचा होता! त्यांनी चिमणीला समोर बसवून वर्ग विचारला, पाढा विचारला, घरी कोण कोण असतं तेही विचारलं. चिमणी एकदाही अडखळली नाही.

“हिला कुठे कमी ऐकू येतंय?” साहेब हसले. “कमाल केलीत बाई तुम्ही!”

पुठ्ठा बाईंच्या मांडीवरच होता. साहेबांच्या तोंडापुढे एकदा धरला असता तरी पुरे होतं. पण बावीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. “सगळी तिचीच मेहनत,” बाई लाजून म्हणाल्या, आणि पुठ्ठा मांडीवरच राहिला.

पंधरा दिवसांनी कागद आला: मदतीची गरज नाही, बाईंची बदली कचेरीत. बाई धावत साहेबांकडे गेल्या.

“तुमच्यासमोरच तपासलं ना? मग तेव्हा का नाही बोललात?”

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्यांना. परत आल्या तेव्हा चिमणीच्या वर्गात सर फळ्याकडे तोंड करून शिकवत होते, आणि चिमणी त्यांच्या पाठीकडे बघून समजल्यासारखी मान हलवत होती.

शेवटच्या सकाळी ती नेहमीसारखी समोर येऊन बसली. बाईंनी मशीन पुसून कानात घातलं, पुठ्ठा वर धरला. पण ‘आ’सुद्धा फुटेना. पुठ्ठ्यामागे त्या तोंड दाबून नुसत्या रडत राहिल्या.

डबीत खट्कन मणी पडला. मग दुसरा, तिसरा.

बाईंनी पुठ्ठा खाली केला तेव्हा डबीत सहा मणी होते, आणि चिमणी शाबासकीची वाट बघत होती.