ओव्हरड्राइव्हवाल्या आत्या

आत्या गाडी चालवायला बसल्या की आत बसलेल्या सगळ्यांना गप्प राहावे लागे. किल्ली फिरवून त्या म्हणत, "आधी हिचं ऐकू, मग तुमचं." 'ही' म्हणजे त्यांची हिरवीगार, जुनी विलायती मोटार. तिचा आवाज मनासारखा लागला की मगच आम्हाला तोंड उघडता येई.

या तुमच्या आजोबांच्या आत्या. चिंचवडला आमच्याच घरी राहत आणि शाळेत गणित शिकवत. लग्न त्यांनी केले नाही. गाडी घेतली ती पुण्यात, कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून. त्यांच्याकडे विकायला दोन होत्या, एक चकचकीत आणि ही, दाराला पोचा पडलेली. आत्यांनी रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. "ओव्हरड्राइव्ह कुठलीला आहे? तिसऱ्या गिअरवरही लागतो की नुसता चौथ्यावर?" एवढे विचारले आणि पोचेवाली घेऊन आल्या.

तुमच्या गाड्या आपोआप गिअर बदलतात, म्हणून सांगते. ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला आणखी एक डबा. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की स्टिअरिंगजवळचे छोटेसे बटण ओढायचे. चाके तशीच धावतात, पण इंजिन सावकाश फिरू लागते. आवाज उतरतो, पेट्रोल वाचते. गाडी मागे घेण्याआधी मात्र ते बटण बंद करायचेच, नाहीतर आतले सगळे मोडते. घरात कोणी रागारागातच समेट करायला निघाले, तरी आत्या म्हणत, "मागं यायचंय ना? मग आधी बटण बंद कर."

पेट्रोल महागले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाडी विकायचे मनावर घेतले. गिऱ्हाईकही बघून ठेवले. आत्या त्यांची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी ते तिला चिमीच म्हणत.

"चिमे, ही गाडी नव्हे, गिरणी आहे. पेट्रोल पिते आणि वर बोंबलते."

"दादा, तू कधी लांब बसलायस का तिच्यात? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंचरला जाऊन येऊ. बोंबलली तर खुशाल विक."

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, पूजा झाली. दुसऱ्या दिवशी मामंजी पुढे बसले, तुमचे आजोबा आणि मी मागे. मोशी मागे पडली, रस्ता मोकळा झाला. आत्यांनी बटण ओढले. काहीच झाले नाही. पुन्हा ओढले. इंजिन आपले गर्जतच होते. मामंजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गिरणी जोरात चाललीय."

आत्यांनी चाकणला पंपावर गाडी घेतली. गिअरबॉक्सच्या तेलात बोट बुडवले, वास घेतला आणि मागे वळून विचारले, "हे प्रेम कुणाचं?"

आजोबांचा चेहरा पडला. कारखान्यात त्यांचा दिवस यंत्रांचे घर्षण कमी करण्यात जाई. दसऱ्याला आत्यांच्या गाडीलाही काही द्यावे म्हणून तेलात मिसळायचे एक भारी औषध त्यांनी गुपचूप ओतले होते. दोन्ही डब्यांत तेल एकच. ओव्हरड्राइव्हलाही तेच मिळाले.

"बाळू, अरे त्याला आतली चाकं घट्ट पकडायची असतात. तू त्याच्या हाताला लोणी लावलंस."

त्यांनी पदर खोचला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि सगळे तेल काढायला घेतले.

पंपावरचा माणूस हळहळला. "बाई, त्याल तर ताजं हाय की. कशापायी सांडताय?"

"भाचा इंजिनिअर आहे माझा. म्हणून."

सगळ्यांत मोठ्याने आजोबाच हसले. तेल गाळायची जाळी पेट्रोलमध्ये धुऊन आत्यांनी साधे इंजिन ऑइल भरले. चाकणच्या कांद्याच्या ट्रकांमधून बाहेर पडून बटण ओढले, तर पुन्हा काही नाही. राजगुरुनगरच्या अलीकडे त्यांनी परत ओढले. एक हलका धक्का बसला आणि इंजिनाचा आवाज असा उतरला की मागे मला माझ्याच बांगड्या ऐकू आल्या.

जिंकल्याचे सांगायला आत्यांनी डावीकडे मान वळवली. मामंजी झोपले होते. बसमध्ये, आगगाडीत, कुठेही ज्यांचा डोळा लागत नसे, ते मान टाकून घोरत होते. मंचर आले तेव्हा जागे होऊन म्हणाले, "एवढ्यात?" गिऱ्हाइकाचा विषय त्यानंतर निघाला नाही. उलट दर रविवारी जेवण झाले की ते विचारत, "चिमे, चाकणपर्यंत जाऊन यायचं का?"

मला गाडी आत्यांनीच शिकवली. पुढे त्यांची नजर अधू झाली. एरवी दुसऱ्याच्या शेजारी बसल्या की त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर असायचा. एका संध्याकाळी मी त्यांना त्याच रस्त्याने नेले. निघताना किल्ली फिरवली आणि सवयीने दोघीही गप्प राहिलो. मोशीपुढे बटण ओढले. आवाज उतरला. आता चूक काढतील म्हणून वाट पाहत होते. शेवटी हळूच बघितले, तर आत्या झोपल्या होत्या, पाय सैल सोडून.

मंचरपर्यंत जायचे काहीच कारण नव्हते. तरी मी गेले.