तिच्या नावाची पावलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, देवापुढे बसूनही नाही. शाळेत तीस वर्षं पोरांना ‘खरं बोला’ म्हणून छड्या दिल्या — आणि स्वतःचं खरं मात्र गिळून बसलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझी बायको शेवंता. माहेर एकोडीचं, धान पिकवणारं घर. लग्नाआधी दिवस दिवस वाकून रोवणी करायची. लाखनीला माझ्या घरी आली आणि मी तिला शेतात पाय टाकू दिला नाही — मास्तराची बायको चिखलात कशी जाईल? बसून बसून अंग वाढत गेलं. पन्नाशीत साखर आली, मग बीपी, मग गुडघे. चार पायऱ्या चढली तरी धाप लागायची.

आमची एकुलती मुलगी प्रणाली पुण्याला असते. तिनं आईसाठी पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. रोजचा आकडा तिला तिकडे मोबाइलवर दिसायचा. शेवंता सकाळी माझ्यासोबत तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, फिरायला येऊ लागली. थोडं चालायची, थांबायची, खालच्या शेतांतल्या बांध्यांकडे बघून कुणाचं धान कसं आलंय ते सांगायची. दीडेक महिन्यात साखर उतरली. कितीतरी वर्षांनी ती खाली मांडी घालून जेवायला बसली. खूश होती हो!

मग काय झालं? मोठं काहीच नाही — तेच तर. पाळीवर माझी नेहमीची मित्रमंडळी असायची. एके दिवशी त्यातला एक जण म्हणाला, ‘‘गुरुजी, वयनीले जरा हळू चालवा, नाई तं पाळ फुटन.’’ सगळे हसले. मीही हसलो. ती माझ्यामागे चार पावलांवर होती.

घरी येऊन मी तिला म्हणालो, तुझे गुडघे दुखतात, उद्यापासून तू राहू दे. गुडघे दुखत नव्हते. मला तिची लाज वाटली होती — आपल्याच बायकोची. मुलगी विचारेल म्हणून शेवंताचं घड्याळ मी माझ्या मनगटाला बांधलं आणि एकटा जाऊ लागलो. सहा हजार, सात हजार. प्रणालीला सांगू नको, एवढं मात्र बजावलं.

इथवरचं कुणी पदरात घेईलही. पण पुढचं?

दिवाळीत प्रणाली आली. आदल्या दिवशी मी घड्याळ परत शेवंताच्या हाती बांधलं. डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. वजन वाढलेलं, साखर वाढलेली. मुलीनं मोबाइलवरचे आकडे दाखवले. ते बघून डॉक्टर म्हणाले, एवढं चालूनही ही गत, म्हणजे तोंडावर ताबा नाही. प्रणाली भडकली. चोरून खातेस, आम्हाला फसवतेस — चारचौघांत आईला नाही नाही ते बोलली. शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य, एकच वाक्य बोलायचं होतं मला! मी भिंतीवरचा तक्ता वाचत बसलो.

घरी आल्यावर ती चुलीपाशी हळूच म्हणाली, ‘‘तुमीच सांगून द्या जी तिले. मी सांगीन तं तुमची इज्जत जाईन.’’

उद्या सांगतो म्हणालो. तो उद्या आलाच नाही. जाताना प्रणालीनं गूळसाखरेच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी ती घेतली — कळतंय का तुम्हाला, घेतली मी ती! त्यानंतर शेवंता पानात मूठभर भात घ्यायची, तोही मला दिसेल असा. आणि मी सकाळी तिचं घड्याळ बांधून चालायला जात राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात ती हृदयविकारानं गेली. चालत राहिली असती तर वाचली असती का? मला सांगता येत नाही. चोर ठरून गेली नसती, एवढं नक्की.

यंदा वर्षश्राद्ध झालं. प्रणालीनं आईच्या पानावर खीर वाढली, थांबली, आणखी वाढली. रडत रडत म्हणाली, ‘‘आता खाय आई पोटभर. आता नाई बोलत मी तुले.’’

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. पानाभोवती पाणी फिरवलं आणि उठलो.